कडी लावा, आरसा घ्या: बायकांच्या लैंगिक आरोग्याचं आणि स्वसुखाचं सविस्तर गाईड

हे गाईड १८ वर्षांवरच्या सगळ्या बायकांसाठी आहे, लग्न झालेल्या, न झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, नवरा गेलेल्या, पाळी गेलेल्या, सगळ्याच. माझं म्हणणं एकच आहे. जिला स्वतःच्या शरीरात कुठे काय आहे, रोज कसं असतं, कशाने बरं वाटतं हे ठाऊक आहे ना, तिला काही बिघडलं तर ते सगळ्यात आधी कळतं, आणि डॉक्टरला सांगताना किंवा नको असेल तिथे नको म्हणताना ती अडखळत नाही. त्यामुळे सुख एकीकडे आणि आरोग्य दुसरीकडे असं मी करणार नाहीये, दोन्ही एकत्रच लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा लैंगिक आरोग्याची व्याख्या करताना आजार नसणं एवढ्यावर थांबवलेलं नाही, सुखद आणि सुरक्षित अनुभव, कुठल्याही जबरदस्तीशिवाय, हेही त्यात धरलंय.

आपल्याकडे न बोलण्याची किंमत काय असते ते एका अभ्यासात फार स्पष्ट दिसतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, १९८९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणं घेऊन जगत होत्या, आणि बायकांच्या जातीला हे असायचंच असं धरून चालल्या होत्या. शहरातल्या शिकलेल्या बायकांचं फार वेगळं आहे असं मला तरी वाटत नाही, मोबाईलवर सगळं मिळतं पण स्वतःकडे बघितलेलं नसतं.

सुरुवात आरशापासून

आंघोळ झाल्यावर, हात धुऊन, नखं कापलेली असताना, दाराला कडी लावून बसा. पाठीला उशी, गुडघे वर, पाय बाजूला सैल सोडलेले, हातात मावेल असा छोटा आरसा आणि मोबाईलची टॉर्च. टॉर्चच बरं का, कॅमेरा नको, फोटो काढायची गरज नाही आणि फोनमधला फोटो कधी कुठे जाईल सांगता येत नाही.

आता बाहेरून आत बघत या. वर केसांचा उंचवटा, त्याखाली दोन्ही बाजूंना मोठे भगोष्ठ, म्हणजे केस असलेले मांसल भाग. ते बोटांनी हलकेच बाजूला केले की आतले छोटे भगोष्ठ दिसतात, पातळ, बिनकेसांचे, थोडे सुरकुतलेले. ते वर जिथे एकत्र येतात तिथे कातडीची एक घडी असते आणि तिच्याखाली एक छोटा दाणा, ती शिश्निका, इंग्रजीतून आलेला क्लिटोरिस हा शब्दही आता बऱ्याच जणींना माहीत असतो. तिच्याखाली लघवीचं बारीक छिद्र, त्याखाली योनीमुख, आणि सगळ्यात मागे गुदद्वार. लघवीची जागा आणि योनीची जागा वेगळी असते हे दोन मुलं झालेल्या बाईलाही माहीत नसतं असं मी कितीतरी वेळा ऐकलंय, आणि त्यात त्या बाईची काही चूक नाही, तिला कोणी सांगितलंच नाही.

छोटे भगोष्ठ मोठ्यांच्या बाहेर आलेले असू शकतात, एक लांब एक आखूड असू शकतो, रंग बाकी कातडीपेक्षा काळपट, जांभळट, तपकिरी असतो. हे सगळं नॉर्मल आहे. हाताने सुख घेतल्याने ते लोंबतात किंवा काळे पडतात हे साफ खोटं आहे. त्या जागेचं गोरं करणारी क्रीमं मिळतात ती कृपा करून लावू नका, तिथली कातडी नाजूक असते, आग होते, अ‍ॅलर्जी उठते आणि मिळत काही नाही.

योनिपटलाबद्दल इथेच बोलून टाकते. तो काही दाराला लावलेला पडदा नाहीये, योनीमुखाच्या कडेने असलेली लवचीक पातळ घडी आहे, प्रत्येकीची वेगळी, काहींना जन्मतःच अगदी नावाला. पहिल्या संबंधात रक्त येतंच असं नाही, अनेकींना येत नाही, आणि बघून कोणी कुमारी आहे की नाही हे डॉक्टरलासुद्धा सांगता येत नाही. तरी या एका समजुतीपायी आपल्याच राज्यात नव्या नवरीच्या चादरी तपासल्या जातात. कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी २०१८ मध्ये पुण्यातून या प्रथेविरुद्ध उघडपणे मोहीम काढली, मार खाल्ला, बहिष्कार सोसला, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने सांगितलं की जबरदस्तीची कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचार धरला जाईल. बलात्काराच्या तपासणीतली टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून बघणं, सुप्रीम कोर्टाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात पुन्हा एकदा ठामपणे चुकीची ठरवली. त्या मुलामुलींचा मला मनापासून अभिमान वाटतो.

शिश्निका, जी आकृतीत सहसा नसते

शाळेत गर्भाशय, बीजकोष, नळ्या असं सगळं काढून घेतात, लेबल लावून मार्कही मिळतात, पण सुखाचा अवयव कुठे आहे हे सांगणारं कोणी नसतं. बाहेर दिसतो तो दाणा म्हणजे फक्त टोक. खरा अवयव आत आहे, दोन पाय आणि दोन फुगीर भाग योनीच्या दोन्ही बाजूंनी पसरलेले, सगळं धरून साधारण ९ ते ११ सेंटीमीटर. ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल या युरॉलॉजिस्ट बाईंनी १९९८ मध्ये हे नीट मांडलं, म्हणजे बघा, माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला जवळजवळ ३० वर्षं झाल्यावर. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये शिश्निकेच्या नसांचे धागे मोजले ते सरासरी १०,००० च्या वर निघाले. एवढ्याशा जागेत.

हे का सांगतेय, तर यातूनच पुढचं कळतं. योनीच्या आतल्या बाजूला, विशेषतः खोलवर, एवढी संवेदना नसते. अमेरिकेत २०१७ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत फक्त १८ टक्के बायकांनी सांगितलं की नुसत्या आतल्या संबंधाने त्यांना ऑर्गॅझम, म्हणजे सुखाचा कळस, येतो. बाकी बहुतेकींना शिश्निकेला स्पर्श लागतो किंवा त्याने जास्त चांगलं होतं. म्हणजे वर्षानुवर्षं "माझ्यातच काहीतरी कमी आहे" असं मनात धरून बसलेल्या बाईमध्ये काहीही कमी नाहीये, जिथे करायला हवं तिथे कोणी काही केलेलंच नाहीये.

स्वच्छता, आणि अंगावरून जाणं

बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, बस. योनीच्या आत साबण, डेटॉल, पाण्याचा फवारा, सुगंधी वॉश काही नको. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते तिथलं आम्ल टिकवून ठेवतात, पीएच ३.८ ते ४.५, आणि त्यामुळेच बाकी जंतू वाढत नाहीत. आपण घासून धुतो तेव्हा हे संरक्षणच धुऊन टाकतो आणि मग खाज सुटते, मग अजून धुतो. शी केल्यावर पुढून मागे धुवायचं, मागून पुढे नाही. केस काढायलाच हवेत असं काही नाही, कात्रीने बारीक केले तरी पुरे.

चड्डी कॉटनची, आणि ती उन्हात वाळवा. आपल्याकडे बायकांच्या चड्ड्या टॉवेलखाली, परकराच्या आत लपवून वाळत घालतात, पावसाळ्यात तर त्या दोन-दोन दिवस दमट राहतात आणि तशाच घातल्या जातात, बुरशीला हेच तर हवं असतं. घरात कोणी बोललं तर बोलू दे, पुरुषांच्या बनियनशेजारी दोरीवर घाला. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा.

अंगावर पांढरं जाण्याबद्दल एवढी भीती आहे की बायका हाडं झिजतात म्हणून टॉनिकं पितात. हाडं वगैरे काही झिजत नाहीत. स्राव असणं हे निरोगी असल्याचं लक्षण आहे. दोन-तीन पाळ्या नोंद ठेवून बघा, कॅलेंडरवर एक खूण पुरते: पाळीच्या मध्यावर, बीज सुटायच्या सुमारास, तो अंड्यातल्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा होतो, पाळीच्या आधी घट्ट आणि पांढुरका. ही तुमची रोजची रीत एकदा कळली की बदल लगेच दिसतो. फाटलेल्या दुधासारखं गुठळ्या गुठळ्या आणि भयंकर खाज असेल तर बहुतेक बुरशी, पातळ राखाडी आणि मासळीचा वास येत असेल तर जंतूंचा तोल बिघडलाय, हिरवट पिवळं फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा जंतू असू शकतो आणि त्यात जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. मेडिकलवाल्याला विचारून कुठलंही क्रीम लावत बसू नका, प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. आणि संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त आलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

आता स्वसुख

आधी भीती काढून टाकू. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, पाळी बिघडत नाही, मूल व्हायला अडचण येत नाही, पिंपल्स येत नाहीत, नवऱ्याला कळत नाही, लग्नानंतरचं सुख संपत नाही. उलट बऱ्याच जणींना झोप चांगली लागते, पाळीच्या कळा थोड्या कमी होतात, आणि मुख्य म्हणजे कुठल्याही आजाराचा किंवा गर्भाचा धोका नसलेला हा एकमेव लैंगिक अनुभव आहे. करावंच असंही नाही. ज्यांना इच्छा नाही त्यांच्यात काही बिघाड नाही. रोजची कामं, झोप, माणसं सोडून त्यातच अडकायला होत असेल किंवा कातडी सोलवटत असेल तरच ते जास्त म्हणायचं, नाहीतर आठवड्यातून किती वेळा याला काही माप नाही.

आपल्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न जागेचा. वन आरकेमध्ये पाच माणसं, जॉइंट फॅमिली, हॉस्टेलची रूम, दाराला कडीच नाही. तर जे आहे त्यात बघा: दुपारी घर रिकामं असतं ती वेळ, सगळे उठायच्या आधीची पहाट, नाहीतर आंघोळीची वेळ. बाथरूममध्ये घाई होते म्हणून तिथे आधी फक्त ओळख करा, सुख नंतर. साधारण अर्धा तास कोणी हाक मारणार नाही असा मिळाला तर उत्तम, फोन सायलेंटवर टाकून लांब ठेवा. मन सतत दाराकडे लागलेलं असेल तर शरीर साथ देत नाही, स्कूटीचा ब्रेक दाबून ठेवून रेस द्यावी तसं होतं, त्यामुळे काय केल्याने इच्छा वाढेल याच्या आधी कशामुळे अडतंय ते काढायचं. दार, लाज, उद्याचा डबा, सासूबाईंचा आवाज, आपलं पोट सुटलंय हा विचार, सगळे ब्रेकच.

मग सावकाश. कपडे काढायलाच हवेत असं नाही. मान, कान, हात, छाती, पोट, मांड्यांची आतली बाजू, इथे हाताने, वेगवेगळ्या जोराने फिरवून बघा, कुठे नुसतं बरं वाटतं, कुठे गुदगुल्या होतात, कुठे नकोसं होतं. पाच-दहा मिनिटं तरी खाली जायची घाई नको, कारण रक्तपुरवठा वाढून तो भाग फुगायला आणि ओला व्हायला वेळ लागतो, आणि कोरड्यावर काही केलं तर दुखतंच.

खाली आल्यावर थेट दाण्यावर बोट दाबू नका, बऱ्याच जणींना ते झोंबतं. त्याच्यावरच्या कातडीच्या घडीवरून, किंवा मोठ्या भगोष्ठांवर पंजा ठेवून हलका दाब देऊन सुरुवात करा. दोन बोटांनी गोल गोल, वर खाली, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, नुसतं दाबून सोडणं, थोपटणं, एकेक प्रकार जरा वेळ करून बघा, एका मिनिटात निकाल लावू नका. अनेकींना डावी उजवी बाजूसुद्धा वेगळी लागते. काहींना उशी मांड्यांत धरून बरं वाटतं, काहींना पोटावर झोपून. बोट आत घालायचं असेल तर भरपूर ओलावा आल्यावरच, आणि वरच्या, म्हणजे पोटाकडच्या भिंतीवर दाब देऊन बघा, बरं वाटलं तर ठीक, नाही वाटलं तर सोडून द्या. श्वास रोखू नका, सोडा. मनात जे येईल ते येऊ दे, कल्पनेत आलेलं सगळं खरोखर करायचं असतं असं मुळीच नाही.

जमायला लागलं की एका टप्प्यावर जे करताय तेच, त्याच वेगाने, करत राहावंसं वाटतं. तिथे बदल करू नका. ऑर्गॅझम म्हणजे योनी, गर्भाशय आणि कटीतळाचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू लयीत आखडतात आणि सुटतात, साधारण सेकंदाला एक या गतीने, काही सेकंद. कोणाला जोरात, कोणाला नुसती एक लाट जाऊन सैल पडल्यासारखं, कोणाला रडू येतं. सिनेमातल्यासारखं ओरडायला होतंच असं नाही. पॉर्नमध्ये जे दाखवतात ते कॅमेऱ्यासाठी असतं, त्यावरून स्वतःला मोजू नका.

आणि नाहीच झालं तर? पहिल्या काही वेळा होत नाहीच बऱ्याच जणींना. त्या दिवसापुरतं "आज काय कळलं" एवढंच बघा, त्यातूनच पुढे होतं. बराच काळ प्रयत्न करूनही काहीच जाणवत नसेल तर कारणं शोधायची: डिप्रेशनच्या काही गोळ्या, विशेषतः एसएसआरआय प्रकारच्या, ऑर्गॅझम लांबवतात, थायरॉइड, डायबिटीस, काहींना गर्भनिरोधक गोळ्या, बाळ अंगावर पीत असतानाचे दिवस, किंवा नुसता साठलेला थकवा. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला सांगा, बदलून मिळतात. आणि स्पर्श करताच छातीत धडधड होत असेल, जुनं काही वाईट आठवून अंग गोठत असेल, तर तिथेच थांबा, पांघरूण घ्या, पाणी प्या. जे घडलं त्यात तुमचा दोष नव्हता. सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं, आणि पुढे समुपदेशकाबरोबर हे हळूहळू सुटतं.

वंगण आणि खेळणी

कोरडेपणा असेल तर वॉटर बेस्ड ल्युब्रिकंट घ्या, मेडिकलमध्ये मिळतं, ऑनलाइनही मिळतं. खोबरेल तेल घरात असतं म्हणून वापरतात, एकटीने बाहेरच्या भागावर वापरायला ते चालतं, पण काहींना त्याने आत इन्फेक्शन होतं, आणि लेटेक्सच्या कंडोमबरोबर तेल किंवा व्हॅसलीन कधीच नको, कंडोम कमजोर होऊन फाटतो.

व्हायब्रेटर घ्यायचा असेल तर मेडिकल ग्रेड सिलिकॉन, एबीएस प्लास्टिक किंवा स्टील असा गुळगुळीत पृष्ठभाग बघा. मऊ, रबरी, उग्र वासाची स्वस्त जेलीची वस्तू घेऊ नका, तिच्या बारीक छिद्रांत जंतू राहतात. पहिल्यांदा घेताना छोटा, बाहेरून वापरायचा पुरतो. वापरून झाल्यावर सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करून कापडी पिशवीत. दुसऱ्या कोणाबरोबर वापरत असाल तर वर कंडोम. सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचं वंगण नको, पृष्ठभाग खराब होतो. जे गुदद्वाराला लावलं ते न धुता पुढे आणायचं नाही आणि पसरट बूड नसलेली वस्तू तिथे घालायचीच नाही, आत जाते आणि मग ऑपरेशन. योनी आतून बंद असते, वस्तू पोटात हरवत नाही, पण काकडी, बाटली, पेन, मेणबत्ती हे सगळं टाळा, तुटतं, ओरखडतं. जेट स्प्रेचा फवारा बाहेरून हलका चालेल, आत मारू नका.

कायद्याचं विचारतात म्हणून सांगते. अश्लील वस्तूंचा कायदा विक्री, वाटप, जाहीर प्रदर्शन याबद्दल आहे, स्वतःपुरती वस्तू घरात ठेवणं हा गुन्हा नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानेही बॉडी मसाजर सेक्स टॉय म्हणून वापरता येईल एवढ्या कल्पनेवर कस्टम्सने माल अडवणं चूक आहे असा निकाल दिलाय.

दुखतंय हे सहन करायचं नाही

"पहिल्यांदा दुखतंच", "बाळंतपणानंतर दुखतंच", "आता वय झालं" ही वाक्यं ऐकून बायका दहा-दहा वर्षं दात आवळून पडून राहतात. घाई आणि कोरडेपणा हे सगळ्यात साधं कारण, ते सुटतं. पण बोट किंवा टॅम्पॉनसुद्धा आत जाऊ देत नसतील, स्नायू आपोआप आवळून बसत असतील, तर तो व्हजायनिस्मस असू शकतो. तो नाटक नाही, आणि बरा होतो: पोटातून श्वास, कटीतळ सैल सोडायचा सराव, पेल्व्हिक फ्लोअरची फिजिओथेरपी आणि छोट्यापासून हळूहळू मोठ्या आकाराचे डायलेटर, म्हणजे आत घालायच्या गुळगुळीत नळ्या. इथे केगेल, म्हणजे आवळण्याचा व्यायाम, आपल्या मनाने करू नका, आधीच आवळलेलं अजून आवळलं जातं. खोलवर दुखत असेल आणि पाळीतही कळा असह्य असतील तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं, तपासून घ्या. लघवीला जळजळ वारंवार होत असेल तर संबंधानंतर लगेच लघवी करून यायची सवय लावा, आणि जळजळ असेल तेव्हा तपासणी करा.

पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होऊन आतली कातडी पातळ, कोरडी होते. त्यावर आत लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं, डॉक्टरच्या सल्ल्याने, खूप फरक पडतो. साठीतल्या बाईला इच्छा असणं यात लाजण्यासारखं काही नाही आणि ती तिने मुलासुनेपासून लपवत दुखणं सोसावं हे तर मला अजिबात मान्य नाही.

जोडीदाराशी, आणि डॉक्टरशी

अंथरुणात, मध्येच, चिडून सांगू नका. चहा पिताना, चालायला गेल्यावर सांगा, "मला अमुक केलं की बरं वाटतं", "थोडं हळू", "आधी हात". त्याचा हात धरून दाखवा, ते शंभर वाक्यांपेक्षा लवकर कळतं. झाल्याचं नाटक करणं थांबवा, कारण त्याला वाटतं हेच बरोबर आहे आणि तो तेच पुढची वीस वर्षं करतो. नवरा असला तरी नको म्हणजे नको. आपल्याकडे अजून लग्नातल्या बलात्काराला फौजदारी गुन्हा मानलेलं नाही, ही फार वाईट गोष्ट आहे, पण २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ धरलाय, आणि महिला हेल्पलाइन १८१ आहे.

डॉक्टरकडे पहिला प्रश्न येतो, "मॅरीड का?" त्यांना खरं विचारायचं असतं ते संबंध आलेत का. आईसमोर, पेशंटच्या गर्दीत उत्तर देणं अवघड जातं, म्हणून आत गेल्यावर "मला एकटीला बोलायचंय" असं सांगा आणि खरं सांगा, "संबंध आले आहेत" किंवा "नाही आले". आतून सोनोग्राफी करायची की पोटावरून, पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची टेस्ट, घ्यायची की नाही हे त्यावर ठरतं. तपासणीच्या वेळी बाई नर्स मागायचा हक्क आहे, छोटं स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून बघायचं साधन, मागता येतं, "थांबा" म्हणता येतं. लग्न झालेलं नसताना संबंध आलेत म्हणून कोणी लेक्चर द्यायला लागलं तर उठा आणि दुसरीकडे जा.

मुलीला काय सांगायचं

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत समाजस्वास्थ्य मासिक चालवलं. बाईला सुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे हे ते तेव्हा मराठीत छापत होते. वाचकांच्या हस्तमैथुनासारख्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण मासिक थांबवलं नाही. आणि त्याच महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम संस्कृतीच्या नावाखाली बंद केला गेला, हे आठवलं की राग येतो. शिकवल्याने मुलं बिघडतात ही भीती युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही खोडून काढलीये, जगभरचे अभ्यास तपासून.

शाळा करेल म्हणून थांबू नका. लहानपणापासून अवयवांची खरी नावं, ती जागा खाजगी आहे, आई-बाबा किंवा डॉक्टर वगळता कोणी हात लावायचा नाही आणि लावला तर लगेच मला सांगायचं. पाळी यायच्या आधी पाळी म्हणजे काय. वयात आल्यावर प्रश्न विचारला तर, "घाणेरडं" न म्हणता, तेवढ्या प्रश्नाचं खरं उत्तर. मुलाला पण हे सगळं सांगा, पाळीसकट. मोठ्या मुलांसाठी गडचिरोलीत डॉ. बंग यांच्या सर्च संस्थेचं तारुण्यभान शिबिर आहे, पुण्यात तथापि ट्रस्ट शरीर साक्षरतेवर मराठीत काम करतो, शाळेला किंवा महिला मंडळाला सत्र हवं असेल तर अशा लोकांना बोलवा.

आणि एक काम याच महिन्यात करून टाका. घरात ९ ते १४ वयाची मुलगी असेल तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एचपीव्हीची लस, या वयात दोन डोस पुरतात, १५ नंतर तीन लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक भारतातच बनते, डॉक्टरकडे तिच्याबद्दल विचारा. मुलीला लस द्यायला जाल तेव्हा तुमचं वय ३० च्या वर असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी स्वतःची पण करून घ्या, पॅप असेल तर दर ३ वर्षांनी, एचपीव्ही टेस्ट असेल तर दर ५ वर्षांनी, लस घेतलेली असली तरीही. पाच मिनिटं लागतात, पाळी चालू नसताना जा, आणि आदल्या दोन दिवसांत आत काही लावू नका.